दारात उभा भूक

नवीन माणूस काढायला घेतला की मी सगळ्यात आधी त्याचं डोकं झाकते. मध्ययुगातल्या इंग्लंडात सहसा कुणी बोडक्या डोक्याने हिंडत नसे. शेतकऱ्याला कान झाकणारी टोपी, लग्न झालेल्या बाईला हनुवटीखालून घेतलेलं पांढरं फडकं, सरदाराला पीस. डोकं ठरलं की अर्धा माणूस ठरतो. उरलेला अर्धा ठरवण्यात माझे दिवस जातात.

हे माझं काम आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या लांबलचक इंग्रजी कविता शाळेतल्या मुलांसाठी सोप्या करून छापतात, त्यांतल्या माणसांची चित्रं मी काढते. इथे कुवेतमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर मी "ड्रॉइंग करते" एवढंच सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अरे वा. आणि जॉब?" इथे बहुतेकांची मुलं बँकेत नाहीतर आयटीत आहेत, त्यामुळे तो प्रश्न तसा सरळच असतो. अशा वेळी आई मध्ये पडते. "पुस्तकं करते ती. लंडनची." पुस्तकं लंडनची नसतात. प्रकाशनाचं ऑफिस इथेच, सालमियात एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे आणि पुस्तकं आखातातल्या शाळांना जातात. पण मी आईला खोडून काढत नाही. मला बोलायचं नसतं, तिला बोलायचं असतं, त्यामुळे आमचं बरं चालतं.

एका दिवाळीत मंडळाच्या काकांनी मला मुलांच्या किल्ल्याचं डिझाइन करायला सांगितलं होतं. "तुझा तर रोजचाच विषय, किल्लेबिल्ले." मी हौसेने काढून दिलं. गोल बुरूज, खंदक, साखळ्यांनी वर ओढायचा लाकडी पूल. काकांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे गं. पण इथे महाराज कुठे बसवायचे?" शेवटी पूल काढून टाकला आणि खंदकात हळीव पेरले. हळीव मात्र छान उगवले.

आता या कवितांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांत दोन तऱ्हेची माणसं असतात. एक आपल्यासारखी: गिरणीवाला, मेंढपाळ, सरदार, गावचा पाद्री. दुसरी नुसत्या गुणांची आणि अवगुणांची. म्हणजे मत्सर गावात चालत येतो, आळस खाटेवर लोळत पडतो, सत्य टेकडीवर घर बांधून राहतं. आपले कीर्तनकार लोभाला माणसासारखं बोलायला लावतात ना, तसंच. गिरणीवाला काढणं सोपं. गिरणीवाल्याला पोट असतं, हात असतात, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया असतात. मत्सराला काय असतं? ते कवीने सांगितलं तर सांगितलं, नाहीतर मी शोधायचं.

या धंद्याचे नियम थोडे आहेत. चित्र आणि मजकूर यांचं भांडण झालं तर मजकूर जिंकतो. दोन पानांच्या मधल्या घडीत कुणाचा चेहरा जाऊ द्यायचा नाही, नाहीतर नाक पुस्तकाच्या शिवणीत बसतं. आणि मंजूर झालेल्या चित्राला पुन्हा हात लावायचा नाही. कच्चं रेखाटन कितीदाही बदला, पण संपादकाने एकदा होकार दिला की त्या चित्राच्या मापाने मजकूर बसवला जातो, पानं लागतात, पुढची माणसं कामाला लागतात. त्यानंतर "थोडं बदलू का?" असं विचारणाऱ्या चित्रकाराला दुसरं पुस्तक मिळत नाही.

माझी संपादिका मार्गरेट. पूर्वी शाळेत शिकवायची, कुवेतमध्ये आमच्याही आधीपासून आहे. शेरे हिरव्या पेन्सिलीने मारते आणि फोनवर कमी बोलते, म्हणून मला ती आवडते. माझ्या पहिल्याच पुस्तकाची रेखाटनं तिने परत पाठवली तेव्हा वर एकच ओळ होती: "ही सगळी माणसं व्हिसाच्या रांगेत उभी आहेत का?" मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. सरदार, मेंढपाळ, राजकन्या, सगळे समोर बघत, खांदे सरळ, दोन्ही कान दिसताहेत. इथे वाढलेल्या माणसाला चेहरा म्हटलं की सिव्हिल आयडीवरचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्रावरचा फोटो आठवतो. मी त्या सगळ्यांचे सिव्हिल आयडी काढले होते.

तेव्हापासून मी जिवंत माणसं बघून काढायला लागले. अनोळखी माणसाला "जरा बसता का, तुमचं चित्र काढते" असं विचारणं मला या जन्मी जमणार नाही. म्हणून आधी घरची माणसं पकडली. बाबा अकाउंटंट आहेत. ऑडिटच्या दिवसांत ते मत्सर म्हणून उत्तम चालतात. आई चादर गुंडाळून राणी व्हायची, पण तिचा अर्धा जीव गॅसवर असायचा आणि राणी मध्येच "अगं, वरण!" म्हणून उठायची.

मग दार सापडलं.

आम्ही अबू हलीफाला राहतो. आई घरून डबे देते. गल्लीपलीकडच्या जुन्या इमारतीत कोकणातली माणसं एका खोलीत चार-पाच अशी राहतात, बहुतेक शुऐबाच्या कारखान्यांमध्ये कंत्राटावर कामाला. संध्याकाळी कंपनीच्या बसने उतरले की ती डबे न्यायला येतात. आई पुण्याची, पण कुळथाच्या पिठीपासून सगळं शिकली. नारळ कमी पडला तर दुसऱ्या दिवशी दारातच कळतं. डबे भरून होईपर्यंत ती माणसं दाराबाहेर थांबतात आणि मी आतल्या बाजूला, चपलांच्या रॅकशेजारी स्टूल टाकून बसते. मी काढते हे त्यांना माहीत आहे. मला विचारावं लागत नाही आणि त्यांना बसावं लागत नाही.

आमची इमारत फॅमिलीवाल्यांची आहे. एकट्या राहणाऱ्या कामगारांना इथे सगळे सरसकट बॅचलर म्हणतात, गावी बायको आणि तीन मुलं असली तरी. आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, इजिप्तचा आहे. डबे न्यायला माणसं आली की तो लिफ्टशी उभा राहून बोट नाचवतो. "बॅचलर, दार तक. अंदर ममनू." आत यायला बंदी. त्याने ते नसतं सांगितलं तरी ती माणसं आत आली नसती. आणि आम्हीही कधी या म्हटलं नव्हतं. कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं.

चौथ्या पुस्तकातली कविता एका गावाची होती. कापणीच्या आधीचे दिवस, कोठारं रिकामी, आणि गावात भूक शिरते. दारोदार जाते, कुणी दार उघडत नाही. शेवटी जमीनदाराच्या घरी मेजवानी चाललेली असताना भूक जाऊन दारात उभी राहते. काही बोलत नाही, मागत नाही. जेवणाऱ्यांचे हात थांबतात. पुढची सगळी कविता त्या थांबलेल्या हातांबद्दल आहे. पुस्तकातलं तेच मोठं चित्र होतं, दोन पानं भरून.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तेव्हा आई कणीक मळत होती.

"आज कोण?" तिने विचारलं. ती रोज विचारते.

"भूक."

"अगं बाई. कशी दिसते ती?"

"बारीक असेल."

"बारीक तर असेलच," आई म्हणाली. "पण भूक लाजते गं. ती कुणाच्या दारात सरळ उभी नाही राहणार. चौकटीला धरून राहील. आत बघेल आणि बघत नाही असं दाखवेल."

मी खोलीत जाऊन तेच काढलं. एक बाई, एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात फडक्याखाली लपवलेला. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मार्गरेटचा फोन आला. ती फोन करत नाही, त्यामुळे मी उभीच राहिले.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "ही कोण?"

"भूक."

"कविता समोर आहे? वाच."

मी वाचली. इंग्रजीत ओळीओळीला 'तो' होता. तो आला, त्याने दार ठोठावलं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मी ही कविता कितीतरी वेळा वाचली होती.

"तुला तो बाई का वाटला?" मार्गरेटने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

मी "सॉरी" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग आधीची पुस्तकं काढून बसले. मत्सर: पुरुष. राग: पुरुष. झोप: बाई, केस मोकळे सोडलेली. दया: बाई. या सगळ्या वेळी नशिबाने मजकुराशी जमलं होतं, किंवा मजकुराने काही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या पुस्तकात म्हातारपण होतं. ते मी बाईही काढलं नव्हतं आणि पुरुषही नाही. घोंगडीत गुरफटलेलं काहीतरी, ज्याचे फक्त डोळे दिसतात. त्याच्या शेजारी मार्गरेटने हिरव्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "किती गूढ!" गूढ कसलं? ते म्हातारपण. तो राग. ती भूक.

लहानपणापासून मी ऐकत आले आहे की हिला मराठी येत नाही. इंग्लिश मीडियम, त्यात कुवेत. सुट्टीत पुण्याला गेलं की मावशी मला काहीतरी बोलायला लावायची आणि मी 'तो भाजी' म्हटलं की सगळे हसायचे. हळूहळू मी कमी बोलायला लागले. स्वप्नंसुद्धा मला इंग्रजीत पडतात, असं मी लोकांना सांगायचे. आणि इथे मला न विचारता माझा हात सगळ्या पुस्तकांभर मराठीत चालला होता.

पण मजकूर जिंकतो. मला पुरुष हवा होता.

विश्रामदादा कणकवलीकडचा. शुऐबाला कारखान्यात परांच्या बांधायचं काम करतो. खोलीतल्या सगळ्यांचे डबे तोच नेतो, दोन्ही हातांत दोन-दोन पिशव्या. त्याच्याइतका जेवणारा माणूस आईच्या डब्यांमध्ये दुसरा नाही आणि त्याच्याइतका बारीकही दुसरा नाही. आई म्हणते, "कुठे जातं रे सगळं?" तो म्हणतो, "वयनी, परांचीवर चढतंय मां. थंयच उतारता."

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा आला. उजव्या हाताने चौकट धरून उभा राहिला. आत बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता. इतकी वर्षं तो तसाच उभा राहत होता. मला तो त्या दिवशी दिसला.

"विश्रामदादा, आहे तसेच थोडा वेळ उभे राहाल?"

"किती येळ?"

"आईचे डबे भरेपर्यंत."

"मगे रवतंय. माझो कोण करतंस? गेल्या टायमाक त्या मुकेशाक मेंढपाळ केलंस. तो अजून मिरवता."

मी जरा घुटमळले. "पाहुणा," मी म्हटलं. "न बोलावता आलेला."

"बरोबर माणूस गावलो तुका," तो म्हणाला आणि आणखी तब्येतीत उभा राहिला. हारिस लिफ्टमधून बाहेर आला, त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं, दार उघडं, विश्रामदादा बाहेर, मी आत. नियमात सगळं बसत होतं. तो डोकं खाजवत निघून गेला.

चित्र झालं. पुरुष, त्याच चौकटीला धरून उभा, चेहऱ्यावर थोडं ओशाळं हसू. मार्गरेटचं उत्तर तासाभरात आलं. "हाच तो. मंजूर." पाठोपाठ मजकूर बसवलेलं पान आलं. विश्रामदादाने मागितलं म्हणून मी त्याला ते फोनवर पाठवलं. पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत भुकेचं इंग्रजी नाव, 'हंगर', छापलेलं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यांच्या खोलीत एकाने ते वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी डबे न्यायला आलेला मुकेश दारातच हसत सुटला. "वयनी, हंगराक आज दोन चपात्यो जास्त घाला हां. काल रातीपासून सगळे तेका इचारतत, ए हंगर, भात वाढू?"

आई माझ्याकडे बघायला लागली. विश्रामदादा त्या दिवशी आला नाही. त्यानंतरच्या दिवशी आला, पिशव्या हातात घेतल्या, पण निघेना.

"बाय," तो म्हणाला, "पोरां माका हंगर म्हणतत, ता चलता. माका काय नाय. पण ह्या पुस्तक आमच्या आईच्या हातात जाता नये."

"ते तिकडे नाही मिळणार, दादा. इथल्या शाळांचं आहे."

"फोनवर काय खंयपण जाता. माझा चेडू इंग्लिश मिडियमात आसा. ता आजयेक सगळा वाचून दाखयता." त्याने पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "आई रोज इचारता, जेवलंस? मी सांगतंय, जेवलंय गो, मासे होते, सोलकढी होती. तिका पटाना नाय. म्हणता, दाखय तोंड. माझा तोंडच असा, जन्मापास्ना. आता तिना ह्या बघितल्यान काय ती म्हणतली, झिलान उपाशी रवान आमका पोसल्यान. मगे ती जेवची नाय, बाय. एकदा बसली काय बसली ती."

तो मोठ्याने बोलत नव्हता. मागून येणारा आईच्या पळीचा आवाज थांबला होता.

"बदलूक जमात?" त्याने विचारलं.

जमणार नव्हतं. मंजूर चित्र, बसवलेला मजकूर, लागलेली पानं. मी ते सगळं त्याला समजावून सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बघते."

विश्रामदादा गेल्यावर मी मेल लिहायला बसले. लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. लिहिलेलं वाचलं की ते एका हौशी चित्रकाराचं रडगाणं वाटत होतं. शेवटी बाथरूमचं दार लावून मी फोन केला. मी आपणहून मार्गरेटला केलेला तो पहिला फोन.

"मंजूर चित्र बदलायचं आहे," मी म्हटलं. एका दमात म्हटलं, नाहीतर राहून गेलं असतं.

मी बोलत राहिले. विश्रामदादाबद्दल सांगितलं, त्याच्या आईबद्दल सांगितलं. मग, मागच्या वेळी तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकलं. की आमच्या भाषेत भूक बाई आहे. राग पुरुष आहे. म्हातारपण या दोन्हींतलं काही नाही, आम्ही ते लहान मुलासारखं 'ते' म्हणतो, म्हणून ते घोंगडीत आहे. मला वाटत होतं मला ही भाषा येत नाही.

"घोंगडीचं कारण हे होय," ती म्हणाली. "आणि मी ते सगळ्यांना दाखवत फिरले." मग हसली. "पण भूक पुरुषच राहणार. मुलं परीक्षेत 'तो' लिहिणार आहेत."

"पुरुषच राहील. फक्त चेहरा नसेल. मी त्याला पाठमोरा करते. आपण त्याच्या मागे उभे, तो आत बघतोय. त्याला काय दिसतं ते आपल्याला दिसेल. जेवणाऱ्यांचे चेहरे दिसतील."

"चित्रकार माझ्याकडे जास्त वेळ मागतात," मार्गरेट म्हणाली. "तू कमी चेहरा मागते आहेस. मजकुराची एक ओळही हलायला नको. रविवारी सकाळी पान इथे हवं."

पाठ काढायला मला कुणी समोर लागलं नाही. रोज संध्याकाळी मी ती बघतच होते: दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लिफ्टकडे जाणारी, शर्टाच्या आत खांद्यांची हाडं उमटलेली, डावा खांदा जरा खाली. मी फक्त पिशव्या काढून घेतल्या आणि उजवा हात चौकटीवर ठेवला.

अडचण जमीनदाराची होती. आता तो समोर येणार होता, टेबलाच्या मधोमध, घास हातात थांबलेला. मी शुक्रवारी विश्रामदादाला बोलावलं.

"आता कोण?" त्याने सावधपणे विचारलं.

"जमीनदार. गावातला सगळ्यात जास्त जेवणारा माणूस."

आईने दोन उशा दिल्या, बाबांनी आपला जुना कोट दिला. आमच्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकची खुर्ची आणि घडीचं टेबल मांडलं, टेबलावर डब्यातलीच कोंबडी ठेवली. विश्रामदादाने उशा शर्टात कोंबल्या, कोटाची बटणं लावली आणि तो असा रेलून बसला की मला काही सांगावंच लागलं नाही. लिफ्टमधून उतरणाऱ्या शेजारीणबाई थबकल्या. हारिस आला, त्याने ते पोट पाहिलं, टेबल पाहिलं आणि विचारलं, "ये बॅचलर कौन?"

"मी आता मुदीर आसंय," विश्रामदादा म्हणाला. मुदीर म्हणजे साहेब. तेवढा एक शब्द हारिसला कळला. तो हसला आणि त्याने चक्क सलाम ठोकला.

"दादा, हसू नका. तुमच्या दारात कुणीतरी आलंय. घास तोंडाशी थांबलाय."

"कोण इलोहा?"

त्याने समोर पाहिलं. समोर आमचं दार होतं, आणि दारात मी. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तोच मी काढला.

पान रविवारी गेलं. मार्गरेटची हिरवी खूण आली, शेजारी शब्द काहीच नव्हता.

पुस्तक छापून आलं तेव्हा माझी पहिली प्रत मी विश्रामदादासाठी दाराशी ठेवली होती. त्याने हात शर्टाला पुसून पान उघडलं. उजवीकडे तो स्वतः, पोट, कोट, पिसाची टोपी. डावीकडे दार, आणि दारात पाठमोरा माणूस. त्याने लगेच फोन काढला आणि चौकटीशी उभ्याउभ्याच गावी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर त्याची आई आली, कपाळापासून वरचीच जास्त दिसत होती.

"आये, ह्या बघ. पुस्तकात इलंय."

"खंय? वायच जवळ धर. अगो बाय! ह्या पोट कोणाचा?"

"माझाच गो! कुवेतचा जेवाण आसा ता!"

म्हातारी खूप हसली. मागे कुणा मुलीलाही हाक मारून तिने दाखवलं. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ. आम्हीही हसत होतो. मग म्हातारी हसायची थांबली.

"आणि तो भायर उभो आसा तो कोण?"

विश्रामदादाने माझ्याकडे पाहिलं. "तो पाहुणो आसा गो. न बोलावता इलेलो."

"फोन हालव नको." ती पडद्याच्या अगदी जवळ आली. "ती पाठ तुझी आसा."

"नाय गो. माझी कित्याक आसतली? मी हय बसलंय, जेवतंय."

"माका सांगतंस? ती पाठ मी न्हाणयलंय."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. मला वाटलं आता ती विचारेल, आणि मी काय सांगू याची मनातल्या मनात मराठीत जुळवाजुळव करायला लागले. तिने जेवणाबद्दल काही विचारलं नाही.

"पाहुणो आसा तर भायर उभो कित्याक ठेवल्यानी?" ती म्हणाली. "त्या चितार काढणाऱ्या बायेक सांग. म्हण, आत घे तेका."

"चितार झाला आता, आये. बदलूक येना नाय."

"मी तुका सांगतंय ता सांग तिका."

त्याला सांगावं लागलं नाही. आईने मला खांद्याला धरून बाजूला केलं, चपलांचं रॅक पायाने भिंतीकडे सरकवलं आणि दार पूर्ण उघडलं.

"विश्राम, बूट काढ," ती म्हणाली. "पानं घेते."

त्याने आधी लिफ्टकडे पाहिलं. मग फोन तसाच हातात धरून तो बूट सोडायला खाली वाकला. पडद्यावर म्हातारीला आता नुसतं आमच्या मजल्याचं छत दिसत असणार, पण ती बोलतच होती. "गेलंस आत? अरे, गेलंस काय?"